पाक साखरतो तेव्हा

एम. फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांनी एकच विषय लिहून आणला होता: पाण्यात न विरघळणाऱ्या अमुक औषधाची विद्राव्यता वाढवणे. औषधाचं नाव बदलायचं, पॉलिमरचं नाव बदलायचं, की झाला नवा थिसिस. सरांना हे पाठ होतं. माझा कागद बघून ते म्हणाले, "हे शंभर जणांनी केलंय, तू एकशे एकावी. निदान औषध तरी असं घे, की ते तुला त्रास देईल."

मी कार्बामॅझेपिन हे मुख्यतः फिट्सवरचं औषध घेतलं, आणि त्याने सरांचा शब्द अक्षरशः खरा केला.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, कारण लिहिलं ते शास्त्रीय होतं. औषध आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी असेल तर त्याचा क्षार बनवून विद्राव्यता वाढवता येते. बाजारातल्या कितीतरी गोळ्यांच्या नावापुढे सोडियम, हायड्रोक्लोराइड लागलेलं असतं ते त्यासाठीच. कार्बामॅझेपिनला ती पळवाट नाही. पोटात असो वा आतड्यात, पीएच कितीही बदलला तरी हा रेणू ढिम्म उदासीन राहतो. १९९५ मध्ये अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी औषधांची जी चार वर्गांत विभागणी मांडली, तिच्यात हे दुसऱ्या वर्गात बसतं: आतड्याच्या भिंतीतून सहज पार होतं, पण पाण्यात विरघळायला कुरकुरतं. अशा औषधाचं शोषण अडतं ते विरघळण्यापाशीच.

सिनॉप्सिसमध्ये न लिहिलेलं कारण म्हणजे आजी. कुडाळजवळच्या आमच्या घरी ती अनेक वर्षं हीच गोळी घेते. तिला फिट्स येत नाहीत. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. दात घासताना, तोंडावर गार वारा लागला तरी. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात त्याला. आणि आजी काय करायची, तर महिन्याच्या सगळ्या गोळ्या पट्टीतून एकदम फोडून पितळेच्या एका डबीत भरून ठेवायची. का, तर पट्टी फोडताना नख दुखतं. डबी मोरीच्या कोनाड्यात.

पहिलं काम सगळ्यात सोपं असतं असं समजतात: औषधाची मूळ विद्राव्यता मोजणं. छोट्या बाटल्यांत पाणी घ्यायचं, औषध जास्तीचं टाकायचं, शेकरवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हलवत ठेवायचं, गाळायचं, पातळ करायचं आणि यूव्हीवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून त्यातलं औषध मोजणाऱ्या यंत्रावर, २८५ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. पहिल्या दिवशी मी उत्साहाने चार तासांनीही एक नमुना काढून बघितला. आकडा बरा आला. दुसऱ्या दिवशीचा आकडा त्याहून कमी! जास्त वेळ हलवल्यावर जास्त विरघळायला हवं, निदान तेवढंच तरी. मी यूव्हीला दोष दिला, पिपेटला दिला, शेवटी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनलाही दिला. मग बाटली उजेडात धरली. तळाशी टाकलेली पांढरी पूड नव्हतीच. तिथे कापसासारखं काहीतरी पिंजून बसलं होतं.

"बुरशी लागली बघा मॅडम," आमच्या लॅबचे मामा म्हणाले. मलाही तेच वाटलं. एक थेंब स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बुरशी नाही, सुया. लांब, नितळ, एकमेकींवर पडलेल्या सुया.

सरांनी डोळा लावून बघितलं आणि हसले. कार्बामॅझेपिन पाण्यात पडलं की हळूहळू पाण्याचे दोन रेणू आपल्या स्फटिकात ओढून घेतं आणि डायहायड्रेट होतं. हे नवं रूप सुईसारखं वाढतं आणि मूळ कोरड्या रूपापेक्षा पाण्यात कमी विरघळतं. म्हणजे पहिल्या दिवशी मी एका पदार्थाची विद्राव्यता मोजली होती आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच. बाटलीवरचं लेबल मात्र तेच.

माझ्या दोन वर्षांची खरी गोष्ट त्या सुयांची आहे. विद्राव्यता वाढवायच्या पद्धती मी एकामागून एक करून बघितल्या आणि जवळपास प्रत्येक वेळी शेवटी ह्या सुया कुठे ना कुठे भेटल्या.

सुरुवात गरिबीतली केली: खलात घालून बारीक वाटणं. कण बारीक झाला की पृष्ठभाग वाढतो आणि विरघळण्याचा वेग वाढतो. ह्याची मुळं नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या समीकरणात आहेत. ग्रिसिओफुल्विन ह्या नायट्यावरच्या औषधाची पूड बारीक केल्यावर त्याचा डोस निम्म्यावर आणता आला, हे उदाहरण आम्हाला प्रत्येक परीक्षेत असायचं. मी तासभर वाटलं. पूड इतकी हलकी झाली की पाण्यात टाकल्यावर बुडेचना. डिसोल्यूशनच्या, म्हणजे विरघळण्याचा वेग मोजायच्या, भांड्यात पॅडल फिरतंय आणि औषध वर सायीसारखं तरंगतंय. पाणी त्याला भिजवतच नव्हतं. वाढलेला पृष्ठभाग हवेत आणि मी भांड्यावर वाकून बसलेली. खलाचं प्रकरण आठवड्यात मिटलं.

मग बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन. सात ग्लुकोजच्या मण्यांची ही अंगठी बाहेरून पाणीप्रेमी, आतून तेलकट. औषधाचा रेणू आत जाऊन बसतो आणि अंगठीच्या जोरावर पाण्यात जातो. थोडं पाणी-मद्यार्क शिंपडत दोन्ही पावडरी खलात कणकेसारख्या मळायच्या, वाळवायच्या, चाळायच्या. निकाल चांगले आले. मी ग्राफ घेऊन धावत सरांकडे गेले. त्यांनी ग्राफकडे बघितलंही नाही. "आता मला ह्याच्या गोळीचं वजन सांग."

मी कागदावर मांडलं. औषधाचा रेणुभार २३६, सायक्लोडेक्स्ट्रिनचा ११३५. एकास एक रेणू धरला तर २०० मिलिग्रॅम औषधाला साधारण ९६० मिलिग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन. दोन्ही मिळून साडेअकराशेच्या वर, आणि अजून बाइंडर, फुगून गोळी फोडणारा पदार्थ, वंगण बाकीच. "ही गोळी तुझी आजी गिळेल?" सरांनी विचारलं. आजीच्या गोळीबद्दल मी त्यांना कधीतरी बोलले होते. ज्या दुखण्यात घास चावायची भीती वाटते, त्या दुखण्यात सुपारीएवढी गोळी! तेव्हापासून कुठल्याही फॉर्म्युल्याचं वजन मी आधी काढते. ही अंगठी जिथे शोभते ती जागा वेगळी: कार्बामॅझेपिनचं शिरेतून द्यायचं द्रावण अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं ते सायक्लोडेक्स्ट्रिनच्याच एका जास्त विरघळणाऱ्या भावंडाच्या आधाराने. इंजेक्शनला गिळायचा प्रश्न नसतो.

आता राहिलं सॉलिड डिस्पर्शन. १९६१ मध्ये सेकिगुची आणि ओबी ह्या दोन जपानी संशोधकांनी सल्फाथायाझोल युरियात वितळवून पहिल्यांदा हा मार्ग दाखवला. कल्पना साधी आहे. औषध एखाद्या पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात इतकं बारीक विखरून टाकायचं, की तो विरघळला की औषध आपोआप पाण्यात उघडं पडावं. मी आधी पीईजी ६००० हे पाण्यात विरघळणारं, मेणासारखं पॉलिमर घेतलं, कारण ते साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याला वॉटर बाथ पुरतो. चिनी मातीच्या बशीत मेणासारखं वितळवलं, औषध ढवळलं, बशी बर्फावर ठेवली. ते जे घट्ट बसलं ते खरवडताना माझे दोन स्पॅच्युले वाकले. चाळणीची भोकं बुजली. हाताच्या उबेनेही पूड चिकट व्हायची.

पण डिसोल्यूशन छान आलं आणि डीएससीच्या, म्हणजे नमुना तापवत त्याचं वितळणं टिपणाऱ्या यंत्राच्या, ग्राफवर औषधाचा वितळण्याचा टोकदार खड्डा, जो १९० अंशांजवळ असायला हवा, तो गायब होता. स्फटिक संपला, औषध अमॉर्फस, म्हणजे स्फटिकाची रचना नसलेलं, झालं, असं मी रिपोर्टमध्ये लिहूनही टाकलं. सर म्हणाले, एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी, करून आण. मी मनातल्या मनात वैतागले, कारण त्यासाठी कोल्हापूरला नमुना घेऊन जायचं, फी भरायची, नंबर लावायचा. पंधरा दिवसांनी ग्राफ आला. १५ अंशांच्या कोनाजवळ औषधाच्या स्फटिकाची शिखरं ताठ उभी होती.

मग डीएससी खोटं बोललं का? तसं नाही, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. डीएससीत नमुना मिनिटाला दहा अंशांनी तापतो. साठला पीईजी वितळतं. तिथून १९० पर्यंत जाताना औषधाला त्या गरम मेणात विरघळून जायला भरपूर वेळ मिळतो. वितळायची पाळी येईपर्यंत वितळायला स्फटिक उरतच नाही. मोजायच्या यंत्रानेच मोजायची वस्तू संपवली होती. एक्सआरडी नमुना तापवत नाही, म्हणून त्याला खरं दिसलं. छापील प्रबंधांत ही चूक मी नंतर किती ठिकाणी पाहिली ते सांगत नाही.

पीईजी सोडलं आणि पीव्हीपी के-३० ह्या दुसऱ्या पॉलिमरवर आले. औषध आणि पीव्हीपी दोन्ही मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, मिथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर उडवायचं. व्हॅक्यूम घाईने वाढवला की द्रावण दुधासारखं उतू जातं. माझी पहिली अख्खी बॅच कंडेन्सरमध्ये गेली. दुसऱ्या बॅचला फ्लास्कच्या भिंतीवर नितळ, चकचकीत, काचेसारखा पापुद्रा धरला. खरवडला तर चिक्कीच्या पाकासारखा कडकन तुटला.

चिक्कीचा पाक हा शब्द मी सहज वापरला नाही. अमॉर्फस म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा आईच्या गॅससमोर जास्त कळलं होतं. साखरेचे दाणे पाण्यात उकळून पाक झाला, झटकन थंड झाला, की रेणूंना परत रांगेत बसायला वेळ मिळत नाही. ते जसे सैरावैरा होते तसेच गोठतात. दाणा फोडायला जी ताकद लागते ती आधीच खर्च झालेली असते, म्हणून असा पदार्थ पाण्यात भराभर विरघळतो. पण त्या रेणूंना रांगेत परत जायचंच असतं. डब्यात ठेवलेला पाक एक दिवस साखरतो.

औषध आणि पीव्हीपीचं एकास दोन प्रमाण ठरवलं. एकास तीनला निकाल अजून चांगले होते, पण तेव्हा नुसतं डिस्पर्शनच ८०० मिलिग्रॅम होत होतं, आणि वजनाचा धडा ताजा होता. ह्या वेळी एक्सआरडीत शिखरं नव्हती, नुसता एक पसरट डोंगर, म्हणजे औषध खरंच अमॉर्फस. डिसोल्यूशन साध्या पाण्यात केलं. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, ह्या गोळीसाठी पाण्यात एक टक्का सोडियम लॉरिल सल्फेट घालायला सांगितलंय. ते बॅच पास की नापास हे ठरवायला योग्य, पण त्या साबणात माझे सगळे फॉर्म्युले सारखेच हुशार दिसत होते. साध्या पाण्यात मूळ औषध रेंगाळत होतं आणि डिस्पर्शन पहिल्या दहा मिनिटांतच वर उसळी घेत होतं.

जुलैतल्या एका दुपारी पाच, दहा, पंधरा अशा मिनिटांचे नमुने काढून टेस्ट ट्यूबच्या स्टँडवर लावले आणि लाईट गेली. कोकणात जुलैत लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. यूव्ही बंद, मी जेवायला गेले. दीड तासाने आले तर ट्यूबांत पिंजलेला कापूस. पुन्हा त्याच सुया.

रीडिंग वाया गेल्याचं दुःख दोन मिनिटं टिकलं असेल. कारण त्या ट्यूबांनी जे दाखवलं ते मी तोवर फक्त वाचलं होतं. अमॉर्फस औषध पाण्यात त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त विरघळतं. तेवढं पाण्याला पेलवत नाही. मग कुठेतरी एक सुई उगवते, तिच्याभोवती बाकीच्या, आणि सगळं खाली बसतं. माझ्या ट्यूबेत जे झालं ते पोटातही होऊ शकतं. आतड्यात पोहोचून शोषलं जाईपर्यंत ते विरघळलेलं टिकलं पाहिजे. नमुना काढला की लगेच गाळून लगेच पातळ करायचा, हा नियम मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला; पण विचार करायला लावलं ते दुसऱ्या गोष्टीने. आम्ही सगळे वर जाणारी रेषा मोजत होतो. ती खाली कधी येते हे कोणी बघतच नव्हतं.

आई पाकात लिंबू पिळते ते पाक साखरू नये म्हणून. लिंबाच्या आंबटाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि हे वेगळ्या चणीचे रेणू रांगेत अधेमधे घुसून दाणा धरू देत नाहीत. मला माझं लिंबू शोधायचं होतं. शंभर मिलिलिटर पाण्यात झेपणार नाही इतकं डिस्पर्शन टाकायचं, ३७ अंशांवर ढवळत ठेवायचं आणि रेषा कधी पडते ते पाहायचं, असा साधा प्रयोग लावला. नुसत्या पीव्हीपीने रेषा अर्ध्या तासात उतरायला लागली. पाण्यात एचपीएमसी ह्या आणखी एका पॉलिमरची चिमूट असली की ती कितीतरी जास्त वेळ वरच राहिली. एचपीएमसी इथे साखर फोडण्यासारखं काही करत नाही. ते उगवत्या स्फटिकाच्या अंगाला चिकटतं आणि पुढचा रेणू बसू देत नाही. मायक्रोस्कोपखाली सुया दिसल्याच तर आखूड, खुरटलेल्या. पुढच्या बॅचपासून एचपीएमसी फॉर्म्युल्यातच घातलं.

सरांनी तेव्हा रिटोनाव्हिरची गोष्ट सांगितली. एचआयव्हीवरचं हे औषध बाजारात येऊन दोनेक वर्षं झाल्यावर, १९९८ मध्ये, कॅप्सूलमध्ये अचानक एक नवाच स्फटिक सापडला, आधी कोणी न पाहिलेला आणि खूपच कमी विरघळणारा. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. "त्यांच्याकडे जगातली सगळी यंत्रं होती," सर म्हणाले. "तू तर लाईट गेल्यावर शिकलीस. स्वस्तात पडलं."

स्वस्तात पडलं नव्हतं अजून. पीव्हीपीच्या डिस्पर्शनची पुडी मी झिपलॉक पिशवीत घालून टेबलावरच ठेवली होती. डेसिकेटरमध्ये, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यात, जागा नव्हती, आणि आठवडाभर काय होतंय असं वाटलं. आमच्या लॅबच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते. वह्यांची पानं वाकडी होतात, मीठ पाझरतं. नवव्या दिवशी पुडीत पिवळट ढेकूळ होतं, मऊ गुळासारखं. पीव्हीपी हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना ते दीडशे अंशांच्या वरही काचेसारखं कडक राहतं, पण पाणी आत शिरलं की सैल होतं आणि त्यात कोंडलेल्या रेणूंना हलायला वाव मिळतो. एक्सआरडीच्या डोंगरावर ९ अंशांजवळ शिखर आलं होतं. ते डायहायड्रेटचं. ज्या औषधाला पाण्यात न्यायला मी वर्षभर झटत होते, त्याने हवेतलंच पाणी पिऊन स्वतःला बंद करून घेतलं होतं.

त्या शनिवारी घरी गेले आणि आधी मोरीच्या कोनाड्यापाशी गेले. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूचना काढली होती, की कार्बामॅझेपिनच्या गोळ्या दमट जागी ठेवल्या तर त्यांचा परिणाम एक तृतीयांशाने कमी होऊ शकतो. गोळी ओल धरून कडक होते आणि नीट विरघळत नाही. हे मी माझ्याच सिनॉप्सिसच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, आणि इतके महिने डबी आठवली नव्हती. मी ती उचलली तशी मागून आवाज आला, "डबी खंय नेतंस गो?"

आजीला डायहायड्रेट समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केला नाही. मीठ पाझरतं तशी गोळी पाझरते, एवढंच म्हटलं. त्या पावसाळ्यात तिची कळ जास्त उठत होती. गोळ्यांमुळेच उठत होती असं मी म्हणणार नाही. गार वाऱ्यानेही तिला त्रास होतोच. डबीतल्या गोळ्या टाकून नवी पट्टी आणली, आणि पट्टी फोडायचं काम शेजारच्या वहिनींकडे गेलं. डबीत आता सुपारी असते.

शेवटच्या फॉर्म्युल्याच्या गोळ्या तीन तऱ्हांनी स्टॅबिलिटी चेंबरमध्ये, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवल्या: उघड्या बशीत, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद बाटलीत आणि दोन्हीकडून ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत. बशीतल्या गोळ्या आठवड्यातच हरल्या. बाकी दोन्ही तऱ्हांच्या गोळ्या तीन महिने टिकल्या. सहा महिने ठेवायच्या होत्या, पण सबमिशनची तारीख थांबत नाही.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ग्राफ शांतपणे पाहिले, लाईट गेल्याची गोष्ट ऐकून हसलेही. मग विचारलं, "हे औषध डॉक्टर सावकाश सुटणाऱ्या गोळीत का लिहून देतात?" मला उत्तर येत होतं. रक्तात ते एकदम चढलं की चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. परिणाम आणि त्रास यांच्यात ह्या औषधाला फार जागा नाही. "मग तू ते भराभर विरघळवलंस ते कोणासाठी?"

दोन वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी म्हटलं, पूर्ण विरघळणं आणि लवकर विरघळणं वेगळं. हेच डिस्पर्शन सावकाश झिजणाऱ्या एचपीएमसीच्या गोळीत बसवलं तर औषध हळू सुटेल आणि सुटलेलं सगळं विरघळलेलं असेल. ते म्हणाले, "मग ते का नाही केलंस?" "सर, वेळ नव्हता." सगळे हसले, मीही. पण बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये बराच वेळ उभी होते.

नंतर नोकरी लागली, मी कोकण सोडलं. चेंबरमधल्या उरलेल्या पट्ट्या मामांनी फेकल्या नाहीत. त्यांच्यावर माझं नाव होतं म्हणून. सहा महिने भरल्यावर ज्युनिअरने त्यांतली एक गोळी फोडून कोल्हापूरला पाठवली आणि एका संध्याकाळी ग्राफचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकला. डोंगर तसाच पसरट. फक्त ९ अंशांजवळ रेषेला किंचित उंचवटा. खाली तिने विचारलं होतं, "ताई, हा नॉईज धरू की पीक?"

मी फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला. लिहिलं, "थोडी पूड एका थेंब पाण्यात घेऊन मायक्रोस्कोपखाली बघ. लगेच बघ, जेवायला जाऊ नकोस."